मालदीवला शिकवायला निघालीस? मग हे ऐक

अगं, कराराच्या कागदावर सही करण्याआधी एकच गोष्ट विचारून घे: बेट कोणतं? 'मालदीव' म्हटलं की सगळ्यांना राजधानी माले दिसतं. माझ्या वाट्याला आलेल्या बेटाला चालत प्रदक्षिणा पंचवीस मिनिटांत व्हायची. समुद्र खवळला की फेरीबोट रद्द, आणि बोट नाही तर कांदे-बटाटेही नाहीत. पगार रुफियात, म्हणजे तिथल्या चलनात, की डॉलरमध्ये, हेही आधीच विचार. रुफियाचे डॉलर करून घरी पैसे पाठवणं ही मोठी डोकेदुखी असते.

सामानात कुकर, हिंग, गोडा मसाला घाल. देवाची मूर्ती मात्र नको, पूजेच्या मूर्ती तिथे आणायला बंदी आहे. आईला हे समजावताना माझी दमछाक झाली होती! औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेव.

शुक्रवार-शनिवार सुट्टी, रविवारी शाळा; हे अंगवळणी पडायला महिना जातो. पहिल्याच आठवड्यात एका पोराची वही तपासायला उघडली, तर कोरी. ओरडणार तोच त्याने हसत वही उलटी करून दिली. दिवेहीची, म्हणजे तिथल्या भाषेची, होती ती. तिची थाना लिपी उजवीकडून डावीकडे लिहितात, वहीही तिकडूनच सुरू होते. त्या दिवसापासून रोज मधल्या सुट्टीत त्याच्याकडून दोन अक्षरं शिकले.

मासे खातेस ना? मग चिंता नाही. मास हुनी म्हणजे टूना, खोबरं, कांदा, मिरची, लिंबू. सोबत रोशी, आपल्या चपातीची बहीणच. शाकाहारी असशील तर डाळी जास्त ने.