बेसबॉल कार्डांपैकी तुमची सर्वांत आवडती कार्डं कोणती, आणि त्यांवरचे खेळाडू का आवडतात?

मी पिट्सबर्गला राहते आणि इथल्या पायरेट्स या बेसबॉल संघाची चाहती आहे, त्यामुळे माझं उत्तर रॉबर्टो क्लेमेंटेपासूनच सुरू होणार. खेळाडूंच्या फोटोंची कार्डं पाकिटांतून विकणाऱ्या टॉप्स कंपनीचं 1973 सालचं, 50 क्रमांकाचं कार्ड. माझ्याकडच्या प्रतीचे कोपरे झिजलेत, मधोमध घडीची खूण आहे, बाजारात तिला फारसं कुणी विचारणार नाही. मी ते बहुतेक वेळा उलटं करूनच पाहते. मागच्या बाजूला एकेका हंगामाचे आकडे आणि तळाशी सगळ्या कारकिर्दीची बेरीज असते. क्लेमेंटेच्या हिट्सची बेरीज बरोब्बर 3000.

(क्रिकेटवाल्यांसाठी: चेंडू टोलवून फलंदाज स्वतःच्या फटक्यावर सुखरूप बेसवर पोहोचला की एक हिट. 3000 चा टप्पा क्लेमेंटेच्या आधी फक्त दहा जणांनी गाठला होता.)

तो तीन हजारावा हिट त्याने 30 सप्टेंबर 1972 ला इथल्याच थ्री रिव्हर्स स्टेडियमवर मारला, मेट्स संघाच्या जॉन मॅटलॅकच्या चेंडूवर. 23 डिसेंबरला निकाराग्वात मानाग्वा शहर भूकंपाने उद्ध्वस्त झालं. क्लेमेंटे प्वेर्तो रिकोचा. त्याने तिथे मदत गोळा करून पाठवायला सुरुवात केली. सामान भूकंपग्रस्तांपर्यंत पोहोचतच नाही, मधल्यामध्ये हडप होतंय असं कानावर आलं, तेव्हा 31 डिसेंबरच्या रात्री तो स्वतःच मदतीच्या विमानात बसला. जुनं, क्षमतेपेक्षा जास्त लादलेलं विमान उडाल्यावर थोड्याच वेळात समुद्रात कोसळलं. तो 38 वर्षांचा होता. मृतदेह मिळालाच नाही. 1973 च्या हंगामात मुलांनी कार्डांची पाकिटं फोडली तेव्हा हे कार्ड त्यांच्या हाती आलं, आणि त्यावर या साऱ्याबद्दल एक अक्षर नाही. कार्डाच्या हिशेबाने तो अजून खेळतो आहे, आणि बेरीज पुढच्या वर्षी वाढायची आहे. त्याच वर्षी, खेळ संपल्यावर पाच वर्षं थांबण्याचा नियम बाजूला ठेवून, त्याला हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे बेसबॉलमधल्या महान खेळाडूंच्या मानाच्या यादीत घेतलं.

त्याचीच आणखी दोन कार्डं मी शेजारीशेजारी लावली आहेत, 1969 आणि 1970 ची. 1969 च्या कार्डावर नाव आहे ‘बॉब क्लेमेंटे’. पहिल्या दोन वर्षांच्या कार्डांवर टॉप्सने ‘रॉबर्टो’ छापलं होतं; 1957 पासून 1969 पर्यंत मात्र ‘बॉब’. त्याला हे अजिबात आवडत नसे आणि ते तो बोलूनही दाखवायचा. काळा, त्यात स्पॅनिश बोलणारा. पत्रकार त्याचं इंग्रजी जसं उच्चारलं तसं मोडकंतोडकं छापत. याच काळात त्याने चार वेळा लीगमधली सर्वोच्च फलंदाजीची सरासरी राखली, 1966 मध्ये एमव्हीपी (लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू) झाला, तरी कार्डावर बॉबच. 1970 ला त्याचं नाव त्याला परत मिळालं. मला या जोडीकडे पाहताना अजूनही राग येतो.

पायरेट्सबाहेरचं एक: हँक ॲरनचं 1957 चं कार्ड. छापताना फोटोची निगेटिव्ह उलटी लागली, म्हणून उजवा ॲरन डावखुरा दिसतो आणि शर्टवरचे 44 सुद्धा उलटे आले आहेत. त्याच वर्षी तो एमव्हीपी झाला आणि त्याच्या मिलवॉकी संघाने वर्ल्ड सिरीज, म्हणजे हंगामाची अंतिम मालिका जिंकली. कारकिर्दीत त्याने एकूण 755 होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखे फटके) मारले.

केन ग्रिफी ज्युनियर या खेळाडूचं, अपर डेक कंपनीचं 1989 चं कार्डही जवळ आहे. ते सगळ्यांकडेच असतं, पण त्या एकोणीस वर्षांच्या पोराचं हसणं पाहून मन प्रसन्न होतं.

होनस वॅगनरबद्दल हमखास विचारलं जातं, म्हणून सांगते: तोही आमचा, पायरेट्सचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला क्षेत्ररक्षक). 1909 च्या सुमारास सिगारेटच्या पाकिटात येणारं त्याचं कार्ड त्याच्याच हरकतीमुळे थांबलं आणि दुर्मीळ झालं. 2022 मध्ये एक प्रत साडेबहात्तर लाख डॉलरला गेली. पायरेट्सच्या पीएनसी पार्क या मैदानाबाहेर त्याचा पुतळा आहे, तो मी मनसोक्त पाहते.

सध्या क्लेमेंटेच्या 1956 च्या कार्डाच्या शोधात आहे. 1955 चं रुकी कार्ड, म्हणजे त्याचं पहिलंवहिलं कार्ड, माझ्या आवाक्याबाहेर आहे. 1956 चं हे आडवं, रंगीत चित्रासारखं कार्ड झिजलेल्या अवस्थेत परवडू शकतं, आणि त्यावर नाव ‘रॉबर्टो’ आहे.