पायलट व्हायचं तर शरीर किती दणकट लागतं?

दादा, तुमचा प्रश्न वाचला. मुलगा बारावीला आहे, पायलट व्हायचं म्हणतो, रोज पहाटे उठून पाच किलोमीटर पळतो, दंड-बैठका काढतो. एवढ्यावर भागेल की आणखी काही खुराक सुरू करावा, आणि चष्मा लागलाय त्याचं काय, असं तुम्ही विचारलंय.

खुराक वाढवू नका. पळतोय ते चांगलंच आहे, पळू द्या. पण पायलटचं शरीर म्हणजे पहिलवानाचं शरीर, हा समज आधी डोक्यातून काढा.

मी दारव्हा तालुक्यातला. आता पऱ्हाटी, तूर, सोयाबीन करतो. त्याआधी वीस वर्षं हवाई दलात मेडिकल असिस्टंट होतो, त्यातली काही बेंगळुरूच्या इन्स्टिट्यूट ऑफ एरोस्पेस मेडिसिनमध्ये गेली. विमान मी कधी चालवलं नाही, पण चालवणाऱ्यांची शरीरं कुठे दगा देतात ते हातभर अंतरावरून पाहिलंय.

तिथे एक लोखंडी खोली असते, चेंबर म्हणतात. दोन्ही बाजूंना बाकं, खिडक्यांना जाडजूड काचा. दार लावलं की पंप आतली हवा ओढून घेतो आणि जमिनीवर बसल्या बसल्या माणूस २५,००० फुटांवरच्या हवेत पोचतो. त्याआधी अर्धा तास मास्कमधून शुद्ध ऑक्सिजन घ्यायचा, म्हणजे रक्तातला नायट्रोजन निघून जातो. नाहीतर वर गेल्यावर त्याचे बुडबुडे होऊन सांधे धरतात. पोटातला वायूसुद्धा फुगतो, १८,००० फुटांवर दुपटीच्या वर. म्हणून आदल्या रात्री हरभरा, वाटाणा खाऊ नका असं बजावलेलं असायचं. कोणी ऐकलं नाही ते चेंबरमध्ये सगळ्यांनाच कळायचं.

एका बॅचमध्ये एक तरणाबांड अधिकारी होता. खांदे असे की बाकावर दोघांची जागा त्याला एकट्याला लागायची. मास्क काढला, मांडीवर पॅड दिलं. काम सोपं, १००० मधून ७ वजा करत जायचं आणि लिहीत जायचं. ९९३, ९८६, ९७९, अक्षर मोत्यासारखं. ९७२, ९६५. मग ९५६. मग परत ९६५. मग ९६५, ९६५, ९६५, आकडे मोठे मोठे होत गेले आणि ओळ उताराला लागली. नखं निळसर झाली होती, पण चेहऱ्यावर लग्नातल्या नवरदेवासारखं हसू. इंटरकॉमवर सूचना आली, मास्क लावा. त्याने अंगठा वर केला आणि लिहीत राहिला. पुन्हा सांगितलं, पुन्हा अंगठा. शेवटी मीच मास्क त्याच्या तोंडावर दाबला. दहा-पंधरा सेकंदांत नजरेत भान आलं, आणि पहिलं वाक्य काय, तर ‘इतक्यात कशाला लावलात? चांगलं चाललं होतं.’ मी कागद त्याच्याकडे वळवला.

हेच तुमच्या मुलाला सांगा. ऑक्सिजन कमी पडला की दम लागेल, जीव घाबरा होईल, मग कळेल, असं आपल्याला वाटतं. गळा दाबला तर तसं होतं खरं, कारण तेव्हा कार्बन डायऑक्साइड आत साचतो आणि शरीर बोंब मारतं. उंचीवर श्वास नेहमीसारखा आत-बाहेर चालू असतो, त्यामुळे बोंब मारायला कोणी नसतं. हवेत ऑक्सिजनचं प्रमाण तिथेही २१ टक्केच असतं, पण हवेचा दाब १८,००० फुटांवर निम्म्यावर येतो, आणि फुप्फुसातून रक्तात ऑक्सिजन ढकलायला तो दाबच लागतो. सगळ्यात आधी चळतो मेंदू, आणि आपण चळलोय का हे विचारायचं तरी त्यालाच! दारू प्यायलेल्याला ‘तुला चढली का’ विचारल्यासारखं.

मास्कशिवाय हातून नीट काम होईल असा वेळ २५,००० फुटांवर तीन ते पाच मिनिटं धरतात, ३५,००० फुटांवर अर्धं ते एक मिनिट. ४०,००० फुटांवर पंधरा-वीस सेकंद, म्हणजे तंबाखू मळून होण्याआधी खेळ खलास. पळून दमसास कमावलेल्यालाही यात फारशी सूट मिळत नाही. आपण प्रवासी विमानात बसतो तेव्हा केबिनमधली हवा दाबून ६,००० ते ८,००० फुटांवर असते तशी ठेवलेली असते, म्हणून आपल्याला काही जाणवत नाही.

ती हवा दाबली गेली नाही तर काय होतं हे १४ ऑगस्ट २००५ला दिसलं. सायप्रसहून अथेन्सकडे निघालेल्या हेलिओस कंपनीच्या विमानात हवेचा दाब सांभाळणाऱ्या यंत्रणेचा स्विच मॅन्युअलवर राहून गेला होता. विमान चढायला लागलं, इशाऱ्याचा भोंगा वाजला. तोच भोंगा जमिनीवर असताना उड्डाणाच्या तयारीत काही चुकलं तरी वाजतो. वैमानिकांनी तोच अर्थ घेतला आणि कॅप्टन रेडिओवर कूलिंगच्या तक्रारी सांगत बसला. बोलता बोलता दोघे गप्प झाले. विमान ऑटोपायलटवर ३४,००० फुटांवर गेलं, इंधन संपेपर्यंत घिरट्या घालत राहिलं आणि डोंगरावर आदळलं. १२१ जण गेले. मास्क हाताशी होते. ते लावायला हवेत हे सुचण्याइतकी बुद्धी त्या वेळी शिल्लक नव्हती.

चेंबरमध्ये बसवतात ते सहनशक्ती मोजायला नाही. ऑक्सिजन कमी पडला की प्रत्येकाचं पहिलं लक्षण वेगळं असतं. कोणाच्या बोटांना मुंग्या येतात, कोणाला गरम होतं, कोणी चिडतो, कोणी फालतू विनोद करायला लागतो. आपलं लक्षण कोणतं हे एकदा कळलं की ते दिसताच आधी मास्क लावायचा आणि विचार नंतर करायचा. आपल्या गावाकडे फवारणीतही हेच पाहिलंय मी. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले, तेव्हापासून तरी ‘मले काई नाई झालं, जराक गरगरते’ म्हणणाऱ्याला मी आधी पंप खाली ठेवायला लावतो. विष वेगळं, यंत्रणा वेगळी, पण ते वाक्य तेच.

दुसरा दगा कानाचा. कानाच्या आत तीन वाकड्या नळ्या असतात, त्यात पाण्यासारखा द्रव. डोकं फिरलं की द्रव मागे रेंगाळतो आणि मेंदूला कळतं की आपण फिरतोय. पण वळण एकसारखं चालू राहिलं तर दहा-वीस सेकंदांत द्रवही बरोबरीने फिरायला लागतो आणि आपण स्थिर आहोत असं वाटतं. जत्रेतल्या पाळण्यातून उतरल्यावर जग उलटं फिरतं ते यामुळेच. आणि वळण फारच हळू असेल तर कानाला सुरुवातीपासूनच पत्ता लागत नाही. जमिनीवर डोळे सांभाळून घेतात. ढगात किंवा अमावस्येच्या रात्री समुद्रावर डोळ्यांना धरायला काहीच नसतं. डोळेही काही फार शहाणे आहेत असं नाही. अमरावतीच्या स्टँडवर शेजारची एसटी हलली की आपलीच गाडी मागे चालली असं वाटून दांडा धरलाय ना कधी?

१ जानेवारी १९७८ला एअर इंडियाचं ‘सम्राट अशोक’ नावाचं बोइंग ७४७ रात्री मुंबईहून दुबईला निघालं. किनारा सोडला की पुढे काळा समुद्र, क्षितिज नाही. उजवीकडे वळण घेऊन विमान सरळ झालं, पण कॅप्टनच्या समोरचं, विमान किती कललंय हे दाखवणारं यंत्र उजव्या कलावरच अडकून राहिलं. कॅप्टन ते ‘सरळ’ करायला विमान डावीकडे कलवत गेला, इतकं की ते कुशीवर पडलं आणि वांद्र्यापासून जवळच समुद्रात गेलं. २१३ माणसं होती, एकही वाचला नाही. उड्डाणापासून दोन मिनिटंही झाली नव्हती. इथे यंत्र खोटं बोलत होतं, आणि ते खोटं बोलतंय हे अंगाला कळत नव्हतं. म्हणून शिकवतात की अंगावर विसंबू नका, यंत्र पाहा, आणि एकाच यंत्रावर न थांबता शेजारची दोन पाहा. ऐकायला सोपं वाटतं. सगळं अंग ओरडून सांगतंय की आपण डावीकडे कललोय आणि समोरची सुई म्हणतेय सरळ, अशा वेळी हात जागचा न हलवणं भल्याभल्यांना जमत नाही. आमच्याकडे गोल फिरणारी खुर्ची होती, त्यात डोळे बांधून बसवलं की मोठमोठे लोक थांबलेल्या खुर्चीत छातीठोकपणे चुकीच्या दिशेला बोट दाखवायचे.

झोपेचं तुम्हाला मी काय सांगू, जागल केलीच असेल तुम्ही. रोही, म्हणजे नीलगायी, आणि रानडुकरं कधी येतात? बारा वाजता नाही, तीन ते पाचच्या मधात, आपली मान पडते तेव्हाच. सकाळी चणा खाल्लेला दिसतो आणि आपण म्हणतो, ‘झोपलो नोतो ना बाप्पा, डोये मिटले होते फक्त.’ शरीराचं घड्याळ रात्री दोन ते सकाळी सहाच्या दरम्यान तळाला असतं आणि चहाने ते पुढे सरकत नाही. २२ मे २०१०ला दुबईहून रात्री निघालेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान सकाळी सहाच्या सुमारास मंगळुरूला उतरत होतं. कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात सुमारे १ तास ४० मिनिटं कॅप्टन झोपलेला आहे, घोरणंही ऐकू येतं. उतरायच्या वेळी तो जागा होता. पण गाढ झोपेतून उठलेल्या माणसाचं डोकं बराच वेळ जड असतं, निर्णय धड होत नाहीत. विमान हवं त्यापेक्षा फार उंच होतं. सहवैमानिक ‘गो अराउंड’, म्हणजे उतरू नका, परत वर चला, असं म्हणत होता. कॅप्टनने उतरवलंच, तेही अर्ध्याहून जास्त धावपट्टी मागे टाकून. डोंगरमाथ्यावरची ती धावपट्टी, पुढे दरी. १६६ पैकी ८ वाचले.

जागलीवरून आठवलं. अंधारात डोळा पूर्ण सरावायला अर्धा तास लागतो आणि एकदा बॅटरी मारली की सगळी कमाई जाते. शिवाय अंधारात थेट बघितलेली वस्तू दिसत नाही, जरा बाजूला बघितलं तर दिसते, कारण नजरेच्या मध्यात अंधारात काम करणाऱ्या पेशीच नसतात. म्हातारे आपल्याला हे रोही शोधताना शिकवायचे, पायलटला तेच वर्गात शिकवतात. ऑक्सिजन कमी झाला की पहिली मंद होते तीही रात्रीचीच नजर, ५,००० फुटांपासूनच.

सर्दीचंही तसंच. नाक चोंदलेलं असताना वर गेलं की उतरताना कानाचा पडदा फाटेस्तोवर दुखतं, आणि सर्दीची गोळी घेतली तर तिने गुंगी येते. म्हणून साध्या सर्दीलाही पायलट घरी बसतो. दारू असेल तर उड्डाणाच्या आधीचे बारा तास पूर्ण वर्ज्य, हा आपल्याकडचा नियम आहे. बिडी-सिगारेटचा कार्बन मोनॉक्साइड रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवून बसतो, त्यामुळे ओढणारा जमिनीवर असतानाच काही हजार फूट वर असतो. मुलगा खर्रा खात असेल तर तोही सोडवा, त्याला कारण लागत नाही.

आता तुमच्या कामाचं. चष्म्याने अडत नाही, चष्मा लावून नजर पूर्ण यायला हवी. रंगांधळेपणाने मात्र अडू शकतं. रंगीत ठिपक्यांच्या गोलातले आकडे ओळखायची तपासणी कोणत्याही डोळ्यांच्या डॉक्टरकडे आजच करून घ्या. आणि आपण विदर्भातले, म्हणून सिकलसेलची तपासणी. आपल्याकडे हा आजार किती आहे ते तुम्ही जाणता. यात रक्तातल्या तांबड्या पेशी ऑक्सिजन कमी झाला की कोयत्यासारख्या वाकतात आणि रक्तवाहिनीत अडकतात, उंचीवर तर नेमकं तेच व्हायचं. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी चाचणी होते, पॉझिटिव्ह आली तर पुढची तपासणी करून एएस की एसएस ते कळतं. एसएस, म्हणजे प्रत्यक्ष आजारच असेल तर हा नाद सोडा. एएस म्हणजे नुसता वाहक असेल तर ते लपवू नका, विमानवैद्यकाचा डॉक्टर बघून ठरवेल.

ट्रेनिंगचा खर्च अर्ध्या कोटीच्या घरात जातो. वावर विकायचा विचार मनात असेलच, म्हणून क्रम सांगतो. आधी डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी खात्याच्या, यादीवरच्या डॉक्टरकडे क्लास २ मेडिकल, म्हणजे सुरुवातीची तपासणी, मग क्लास १, म्हणजे व्यावसायिक पायलटसाठीची कडक तपासणी, आणि त्यात पास झाल्यावरच फीचा पहिला रुपया. आमच्या बाजूच्या एका गावात उलटं झालं; फी भरून झाली आणि मग रंग दिसत नाहीत हे कळलं. ते वावर काही परत आलं नाही.

तपासणीला जाताना रात्रभर एसटीत बसून सकाळी थेट डॉक्टरसमोर उभं करू नका, बीपी हमखास वाढलेला निघतो. आदल्या दिवशी पोचा, एखाद्या नातेवाइकाकडे मुक्काम करा, पोराला नीट झोपू द्या. उन्हाळ्यात जाणार असाल तर दोन दिवस आधीपासून भरपूर पाणी पाजा. आणि डॉक्टरने काही विचारलं, लहानपणी फिट आली होती का, डोक्याला मार लागला होता का, तर उत्तर तुम्ही देऊ नका, त्याला देऊ द्या, आणि खरं द्यायला सांगा.