आई-बाबा आणि मुलीला घेऊन फेब्रुवारीत जपानमधल्या नोझावा ओन्सेन या स्की-गावाला जातोय, स्की कोणालाच येत नाही. जवळपास राहणारं कोणी मराठी माणूस काही सांगेल का?

तुम्ही लिहिलंय की तीन रात्री आहेत, आई-बाबा सत्तरीजवळचे आहेत, मुलगी दहा वर्षांची आहे, घरात सगळे शाकाहारी आहेत आणि स्की येत नसेल तर एवढ्या लांब येण्यात अर्थ आहे का. मी नोझावाच्या खालच्या गावात, इईयामात राहते. हिवाळ्यात माझं नोझावाला सतत जाणं-येणं असतं. माझं उत्तर: नक्की या. जपानमधल्या पुष्कळ स्की रिसॉर्टमध्ये डोंगरावर नेणारी लिफ्ट बंद झाली की करण्यासारखं काही उरत नाही. नोझावाचं तसं नाही. इथे आधी गाव होतं, गरम पाण्याचे झरे होते, मग 1923 साली गावकऱ्यांनीच स्की क्लब काढला. म्हणून तुमचा निम्मा वेळ डोंगराला द्या आणि निम्मा गावाला.

टोकियोहून होकुरिकु शिंकान्सेन ही बुलेट ट्रेन घ्या, पण त्यातली 'कागायाकी' गाडी नको, ती इईयामाला थांबत नाही. 'हाकुताका' घ्या, आणि तीसुद्धा इईयामाला थांबते का ते तिकीट काढतानाच बघा. स्टेशनबाहेरून नोझावाची बस सुटते, साधारण पंचवीस मिनिटांत गावात पोचवते. मोठ्या बॅगा टोकियोच्या हॉटेलमधूनच कुरियरने पुढे पाठवा. हॉटेलचा काउंटर सगळं करून देतो, सामान बहुधा दुसऱ्या दिवशी पोचतं, त्यामुळे एक दिवस आधी द्या. हे आग्रहाने सांगतेय, कारण नोझावाच्या गल्ल्या चांगल्याच चढ-उताराच्या आहेत आणि तुडवलेल्या बर्फावर चाकाची बॅग ओढत बाबांना चढ चढायला लावू नका. बूट पाणी आत न जाणारे आणि चांगल्या पकडीचे हवेत. स्पोर्ट्स शूज चालणार नाहीत.

स्कीबद्दल थोडक्यात. मुलीला हिकागे भागातल्या स्की स्कूलमध्ये घाला, इंग्रजीतून शिकवणारे मिळतात, पण फेब्रुवारीत जागा आधीच भरतात. स्की आणि बूट भाड्याने मिळतात, हातमोजे आणि गॉगल मात्र स्वतःचे आणा. पहिल्याच दिवशी उत्साहात तिला डोंगरमाथ्यावरून स्की करत खाली आणू नका. माथा 1,650 मीटरवर आहे आणि खालपर्यंतचा उतार हजार मीटरच्या वर आहे, नवख्या माणसाचे पाय अर्ध्यातच संपतात. शिकलेल्यांना मी सांगेन की बर्फ वर यामाबिको नावाच्या भागातच बघावा, भुसभुशीत आणि कोरडा. पण तुम्ही सगळे नागासाका गोंडोलाने नुसते वर जा, बर्फाने मढलेली झाडं बघा, गरम काहीतरी प्या आणि गोंडोलानेच खाली या. त्यासाठी आकाश मोकळं असलेली सकाळ पकडा. जोराचा वारा असेल तर गोंडोला थांबतो, म्हणून हे शेवटच्या दिवसावर टाकू नका. आणि दोर बांधून बंद केलेल्या भागात कोणीही पाऊल टाकायचं नाही. तिथे अडकलात तर शोधमोहिमेचा खर्च तुमच्याकडून वसूल करायचा, असा गावाचा नियमच आहे.

आता मला खरं ज्याबद्दल लिहायचंय ते. गावात तेरा सार्वजनिक स्नानगृहं आहेत. तिकीट नाही, दाराशी दानपेटी असते, तिच्यात नाणी टाका. ही स्नानगृहं हॉटेलवाल्यांची नाहीत, आजूबाजूची घरं पाळीपाळीने ती झाडतात, घासतात, विजेचं बिल भरतात. आपण त्यांच्या घरचं पाणी वापरतोय हे मनात ठेवलं की बाकीचे नियम आपोआप कळतात. आत बाया-पुरुषांचे भाग वेगळे. कपडे ठेवायला लाकडी फळ्या, समोरच हौद. पोहण्याचा पोशाख घालायचा नाही. आधी हौदाच्या बाहेर बसून अंग साबणाने स्वच्छ धुवायचं, मग छोट्या बादलीने हौदातलं पाणी अंगावर घेत शरीराला सवय करायची, मग उतरायचं. पाणी फार कढत असतं. थंड पाण्याचा नळ असतो, पण आत कोणी असेल तर विचारून मगच सोडा. एकदा माझ्या बरोबरच्या पाहुणीला पाय बुडवता येईना, तेव्हा शेजारच्या आजींनी स्वतःच नळ सोडला, हाताने पाणी ढवळलं आणि तिला नळाजवळच्या कोपऱ्यात बसवलं.

आईंना अनोळखी बायकांसमोर कपडे काढायला अवघड वाटेल, ते अगदी स्वाभाविक आहे. त्यांच्यावर जबरदस्ती नको. राहण्याची जागा घेतानाच खासगी स्नानाची सोय आहे का ते विचारा. नाहीतर 'फुरुसातो-नो-यु' या पैसे देऊन जायच्या स्नानगृहापासून सुरुवात करा, तिथे कोमट पाण्याचा हौदही आहे. बाबांना रक्तदाबाच्या गोळ्या असतील तर डॉक्टरांना विचारून या, आणि उतरले तरी चार-पाच मिनिटांत बाहेर. लिफ्ट बंद झाल्यावर सगळे एकदम येतात, त्यामुळे सकाळी लवकर किंवा जेवणानंतर जा. आणखी एक, जे इथलं कोणी तुम्हाला सांगणार नाही: पाण्यात गंधक आहे, चांदी काळी पडते. आईंची जोडवी, मुलीचे पैंजण खोलीवरच काढून ठेवा.

गावाच्या वरच्या अंगाला ओगामा नावाचा गरम पाण्याचा झरा आहे, तिथलं पाणी नव्वद अंशांच्या आसपास उकळतं आणि गावातल्या बाया त्यात भाज्या शिजवतात. कुंपणाच्या आत फक्त गावकऱ्यांना जायची परवानगी आहे, बाहेरून बघा. वाफेचा तो लोट मुलीला स्कीइतकाच आवडेल असं मला वाटतं.

जेवणाचं मात्र आधीपासून बघावं लागेल. अडचण मांसाची कमी, माशाच्या अर्काची जास्त. तो 'दाशी' सूपमध्ये, भाजीत, सोबा नूडल्सच्या रश्श्यात, सगळीकडे असतो. नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहिलंत तर भाज्या घातलेलं माशाच्या पाण्याचं सूप पुढ्यात येईल. बुकिंग करतानाच लिहा: मांस नाही, मासा नाही, माशाची दाशीही नाही. मिन्शुकूंचे, म्हणजे छोट्या घरगुती लॉजचे, मालक आठवडाभर आधी कळवलं तर मनापासून प्रयत्न करतात, आयत्या वेळी त्यांच्या हातात काही नसतं. ओयाकी, म्हणजे सारण भरलेली जाडसर भाकरी, जरूर खा, आत लाल भोपळा किंवा गोड लाल चवळीसारखं सारण असतं. नोझावाना या इथल्या पालेभाजीचंही मिळतं, पण त्यात दाशी आहे का ते विचारून घ्या. रात्री उशिरा जेवायला गेलात तर खाण्याची हॉटेलं भरलेली किंवा बंद. लाडूची एक डबी आणि मेतकूट सोबत असू द्या, भात सगळीकडे मिळतो.

तारखा अजून ठरल्या नसतील तर 11 आणि 23 फेब्रुवारीच्या जपानी सुट्ट्या आणि चिनी नववर्षाचा आठवडा टाळा. सोमवार ते गुरुवार मिळाले तर उत्तम. गावातला दोसोजिनचा अग्निउत्सव दरवर्षी 15 जानेवारीला असतो, तो बघायचा मोह झाला तरी आई-बाबांना घेऊन नको, ती रात्र प्रचंड गर्दीची आणि कडाक्याच्या थंडीची असते. राहायची जागा ठरली की नाव कळवा, तिथून बसथांबा आणि सगळ्यात जवळचं स्नानगृह किती चढावर आहे ते मी सांगते.