परीक्षा पास झाले, पण तोंड उघडत नाही

मी समुपदेशक आहे. परदेशी राहणाऱ्या मराठी माणसांशी ऑनलाइन बोलताना एक तक्रार सारखी कानावर येते. इथली भाषा शिकले, परीक्षाही दिली, पण बोलायची वेळ आली की तोंड उघडत नाही. माद्रिदहून बोलणाऱ्या मुग्धाचीही तीच तक्रार होती. (नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मुग्धा पूर्वी शिक्षिका होती. नवऱ्याच्या नोकरीमुळे स्पेनला गेल्यावर ती ‘एस्क्वेला ओफिसिअल दे इदिओमास’ या सरकारी भाषाशाळेत शिकली आणि बी-१ म्हणजे मधल्या पातळीची परीक्षा छान पास झाली. शिवाय तिने ‘इंतरकांबियो’साठी एक मैत्रीणही जोडली. इंतरकांबियो म्हणजे अर्धा वेळ मी तुझ्याशी इंग्रजी बोलेन, अर्धा वेळ तू माझ्याशी स्पॅनिश. यात पैशांचा व्यवहार नसतो. माद्रिदच्या कॅफे-बारमध्ये अशा जोड्या आणि गट सर्रास भेटतात.

“मग अडतं कुठे?” मी विचारलं.

“गप्पा मस्त होतात, मॅडम. तिचं इंग्रजी खूप सुधारलं.”

“आणि तुमचं स्पॅनिश?”

“त्याला वेळच उरत नाही.”

“वेळ कोण संपवतं?”

ती जरा थांबली. “मीच. तिला शब्द सुचला नाही की मी पटकन सांगते. तेवढ्यापुरती मी हुशार असते.”

इथे मला गाठ दिसली. अशा वेळी बहुतेक जण आणखी एक क्लास लावतात. पण मुग्धाकडे शब्दांची वाण नव्हती. कुणासमोर अडखळणं, कुणाची मदत घेणं तिला जड जात होतं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५च्या सुमारास मांडायला सुरुवात केलेल्या विचारावर माझं काम उभं आहे : प्रसंगापेक्षा त्याबद्दलचा आपला हट्ट आपल्याला जास्त छळतो. मुग्धाचा हट्ट होता, ‘मी चुकताच कामा नये.’

“मैत्रीण इंग्रजीत चुकते तेव्हा ती बावळट वाटते का?”

“छे! उलट धीट वाटते.”

“मग तुम्हाला वेगळा न्याय का?”

“मी शिक्षिका ना. मी चुका तपासायच्या असतात, करायच्या नसतात.”

हे तिचं तिनेच ओळखलं, याचं मला फार समाधान वाटलं. मग आम्ही ठरवलं, मैत्रिणीकडे एक खरी मदत मागायची. मुलासाठी आरोग्य केंद्राची वेळ फोनवर घ्यायची होती. एरवी हे काम नवऱ्याचा सहकारी करायचा. या वेळी फोन मुग्धा करणार होती आणि मैत्रीण नुसती शेजारी बसणार होती.

पलीकडच्या बाईंनी मुलाचं आडनाव विचारलं. मुग्धाने एकेक अक्षर सांगितलं. लगेच प्रश्न आला, दुसरं आडनाव? स्पेनमध्ये वडिलांकडचं एक आणि आईकडचं एक, अशी दोन आडनावं लावतात. मुग्धाला काही सुचेना. मैत्रिणीने नुसती मान हलवली, बोल म्हणून. मग मुग्धा कसंबसं म्हणाली, “नो तिएने. इंदिया, सोलो उनो.” त्याला नाही. इंडिया, एकच. पलीकडून “बाले, बाले” आलं आणि अपॉइंटमेंट मिळाली.

पुढच्या सेशनला ती म्हणाली, “मॅडम, फोन ठेवला तेव्हा माझ्यापेक्षा तिलाच जास्त आनंद झाला होता. इतके दिवस मी तिला काही देऊच देत नव्हते.” त्यानंतर मुलाच्या खोकल्यावरून दोघींचं बोलणं मैत्रिणीच्या वडिलांच्या आजारपणापर्यंत गेलं, सगळं स्पॅनिशमध्ये. भाषेची मैत्री पुढे सरकते ती अशीच, आपण समोरच्याचे थोडे ऋणी व्हायला तयार झालो की.

तुम्हीही इथेच अडकला असाल तर शिकायच्या भाषेचा अर्धा भाग आधी घ्या आणि मोबाइलवर वेळ लावा, कारण दुसऱ्या वाट्याला आलेला वेळ हमखास आटतो. वाक्य चालू असताना दुरुस्ती नको, शेवटी मोजक्याच चुका सांग, हे मैत्रिणीला आधीच सांगून ठेवा. मोठ्या गटांत गोंगाट असतो आणि ‘कुठून आलात, किती वर्षं झाली’ हेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. त्यापेक्षा एकाच माणसाला दर आठवड्याला भेटणं मला जास्त फळलेलं दिसलं आहे. दुकानदार इंग्रजीवर आला तरी तुम्ही स्पॅनिशच चालू ठेवा, बहुतेक वेळा तोही परत वळतो. आणि कॅफेतले विषय संपले की एकत्र कामं काढा : बाजारहाट, स्वयंपाक, एखादा सरकारी फॉर्म. मुग्धा आणि तिची मैत्रीण सध्या मुलाच्या शाळाप्रवेशाचे कागद भरताहेत.