सशाचं आतडं बसलं, तर उलटीचं सिरप देऊ का?

प्रश्न : आमचा मोत्या दीड किलोचा ससा. परवा सकाळपासून खाईना, लेंड्याही बंद. लेकाच्या उलटीसाठी आणलेलं मेटोक्लोप्रमाइडचं सिरप घरात होतं. आतडं हलवायला हेच देतात असं शेजारच्यांनी सांगितलं, म्हणून अर्धा चमचा पाजलं. संध्याकाळी लेंड्या पडल्या. पुन्हा असं झालं तर तेच देऊ का? (एक वाचक, उदगीर)

उत्तर : नाही ताई, घरच्या घरी देऊ नका. शेजाऱ्यांनी सांगितलं ते खोटं नाही. हे औषध आम्हीही सशांना देतो, पण पोट चाचपून आणि वजन करून.

आधी मापाचं बघू. अर्धा चमचा म्हणजे अडीच मिली. या सिरपमध्ये बहुधा 1 मिलीत 1 मिलिग्रॅम औषध असतं, म्हणजे मोत्याच्या पोटात अडीच मिलिग्रॅम गेलं. सशाला एका वेळी किलोमागे साधारण 0.5 मिलिग्रॅम धरतात, म्हणजे त्याला पाऊण मिलिग्रॅम पुरलं असतं. तिपटीहून जास्त गेलं. जास्त झालं की ससा बेचैन होतो, नाहीतर गुंगीत पडतो.

मापापेक्षा मोठी भीती अडकलेल्या आतड्याची. मी नवीन असताना एक पांढरी मादी आली होती, खाणं बंद म्हणून. मी पोट नीट न चाचपताच आतड्याला चालना देणारं इंजेक्शन दिलं. रात्रीतून ती गेली. उघडून पाहिलं तर लहान आतड्यात केसांचा आणि गालिच्याच्या धाग्यांचा बोळा घट्ट बसलेला. सशाला उलटी होत नाही, त्यामुळे पोटातला गॅस आणि पाणी मागे फिरत नाही. पुढची वाट बंद असताना आतड्याला जोर लावायला लावला की दुखणं वाढतं, आतडं फाटूही शकतं. तेव्हापासून मी आधी हात लावते. आतडं नुसतं मंदावलं असेल तर जठर मळलेल्या कणकेसारखं लागतं. अडकलं असेल तर फुगून टणक होतं, ससा अचानक मलूल पडतो, कान गार पडतात.

पुन्हा असं झालं तर बारा तास वाट बघू नका. गुदद्वारातून ताप बघता येत असेल तर बघा, 38.5 ते 40 अंश सेल्सिअस ठीक. 38 च्या खाली असेल तर कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी ठेवा आणि लगेच निघा. पोट ताठ असेल तर तोंडात काही कोंबू नका. तुमच्या उदगीरलाच पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. अंगात पाणी भरणं, सशाच्या मापाने वेदनाशामक, ऊब, हे आधी. चालना देणारं औषध त्यानंतर, अडथळा नाही अशी खात्री झाल्यावरच. आणि घरातलं अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक चुकूनही पाजू नका. सशाच्या आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि ससाच दगावतो.

खायला काय घालता, ते तुम्ही लिहिलं नाहीत. माझ्याकडे येणारे बहुतेक ससे पोळी, बिस्किटं, हरभऱ्याच्या डाळीवर वाढवलेले असतात, आणि आतडं बसण्याचं मूळ बहुधा तिथेच असतं. मोत्यापुढे दिवसभर वाळलेलं गवत हवं. कडब्याची जाड धांडं नकोत, बारीक पानाचं गवत. आपल्याकडे एप्रिलमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा त्याला पत्र्याखाली ठेवू नका. नळीच्या बाटलीऐवजी जड वाटीत पाणी ठेवा, ससे वाटीतून जास्त पितात. आणि रोज सकाळी झाडताना लेंड्या बघा. बारीक झाल्या, केसांनी माळेसारख्या जोडल्या गेल्या, तर त्याच दिवशी मोत्याला दाखवा.