आशा संपत चालली, हा अविश्वास आहे का?

प्रश्न : ख्रिस्त येशूमध्ये सलाम. माझ्या यजमानांना तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. वाचा बरीचशी परत आली, पण उजवा हात अजून साथ देत नाही. रोज सकाळी मी त्या हातात चमचा देते; तो बहुधा पडतो, मी उचलून पुन्हा देते. मंडळीतली माणसे भेटायला आली की यिर्मया 29:11 वाचून (तुमच्याविषयी माझे संकल्प हिताचे आहेत, ते तुम्हाला भविष्याची आशा देणारे आहेत, असे देव तिथे म्हणतो) ‘आशा सोडू नका’ म्हणतात. तेच वचन आमच्या भिंतीवर फ्रेम करून लावलेले आहे, आणि हल्ली माझ्याने त्याकडे पाहवत नाही. माझी आशा संपत चालली आहे. हा अविश्वास आहे का?
— एक भगिनी, अहिल्यानगर

उत्तर : प्रिय भगिनी, सप्रेम सलाम.

तुमच्या भिंतीवरचे वचन खरे आहे. परंतु ते एका पत्राच्या मधूनच उचललेले आहे, आणि ते पत्र पहिल्यापासून वाचल्याखेरीज त्यातली आशा कोणती, हे उमगत नाही. इ. स. पू. 597 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतील राजा, सरदार आणि कारागीर बाबेलला धरून नेले. त्या बंदिवानांना यिर्मया संदेष्ट्याने हे पत्र पाठवले. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा मंदिरात सर्वांसमक्ष सांगतो की, दोन वर्षांत सगळे परत येईल. त्यावर यिर्मयाही प्रथम ‘आमेन’ म्हणतो, कारण त्यालाही तेच हवे होते. पण देवाचे म्हणणे तसे नव्हते. पत्रात सत्तर वर्षे सांगितली आहेत. घरे बांधा, मळे लावा, मुलाबाळांची लग्ने करा, ज्या नगरात आहात त्याच्या हितासाठी प्रार्थना करा, हे पाचव्या ते सातव्या वचनांत येते. तुमचे अकरावे वचन त्यानंतरचे. ते पत्र ऐकणाऱ्या पुष्कळांची माती बाबेलातच होणार होती.

आजाऱ्याच्या खाटेपाशी बसून आपण अनेकदा हनन्याची आशा यिर्मयाच्या नावाने देतो. पाळक म्हणून मीही तसे केले आहे आणि त्याचे मला आज दुःख होते. तुमची जी आशा संपत चालली आहे, ती बहुधा ही मुदतीची आशा असावी. ती संपणे म्हणजे अविश्वास नव्हे.

मूळ इब्री वचनात आशेसाठी ‘तिकवा’ हा शब्द आहे. यहोशवाच्या पुस्तकात यरीहो नगरातल्या रहाबेने आपले घर वाचावे म्हणून खिडकीला बांधलेल्या किरमिजी दोरीसाठीही हाच शब्द येतो. दोरीला हात घालावा लागतो. यिर्मयाने तो कसा घातला, हे बत्तिसाव्या अध्यायात पाहा. नगराला वेढा पडला आहे, तो स्वतः पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि त्याचा चुलतभाऊ हनामेल येऊन म्हणतो, अनाथोथ येथील माझे शेत विकत घे. शत्रूच्या ताब्यात जाणारी जमीन! यिर्मया सतरा शेकेल रुपे, म्हणजे सुमारे 200 ग्रॅम, ताजव्यात तोलून देतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो, आणि पुष्कळ दिवस टिकावीत म्हणून खरेदीखताच्या दोन्ही प्रती मातीच्या पात्रात ठेवायला सांगतो. पुढे तो प्रार्थनेत जे बोलतो, त्यातून त्याचा गोंधळ लपत नाही. मन भरून आले म्हणून त्याने शेत घेतले नाही. देवाने सांगितले म्हणून घेतले.

केडगावच्या पंडिता रमाबाईंचेही मला असेच वाटते. 1921 मध्ये मनोरमा ही त्यांची एकुलती एक मुलगी गेली, तरी बायबलच्या मराठी भाषांतराचे काम त्यांनी सोडले नाही. ते हातावेगळे करूनच त्या 5 एप्रिल 1922 रोजी प्रभूकडे गेल्या.

आता तुमचा चमचा. तो हात बरा होईल की नाही, हे मी सांगू शकत नाही, आणि जो दिवस-वार सांगेल त्याचे तुम्ही ऐकू नये; व्यायामाबाबत डॉक्टरांचे मात्र जरूर ऐकावे. परंतु रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात, न दिसणाऱ्या गोष्टीची धीराने वाट पाहण्याविषयी लिहिण्याच्या अगोदरच्याच वचनात पौल शरीराच्या मुक्तीबद्दल बोलतो. ख्रिस्त शरीराने उठला, म्हणून आपली आशा शरीराचीही आहे, त्या उजव्या हाताचीही. जो हात देव पुन्हा उभा करणार आहे, त्यात तुम्ही रोज सकाळी चमचा ठेवता. मन कोरडे असतानाही तुम्ही तो ठेवता, म्हणून मी त्याला आशाच म्हणतो.

ज्या दिवशी प्रार्थना सुचत नाही, त्या दिवशी स्तोत्र 88 मोठ्याने वाचा. ते अंधारातच संपते, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. फ्रेम उतरवावीशी वाटली तर खुशाल उतरवा, आणि रात्री यजमानांजवळ बसून एकोणतिसावा अध्याय चौथ्या वचनापासून हळूहळू वाचा.

तुमच्या मंडळीलाही माझी एक विनंती आहे : पुढच्या रविवारी वचन ऐकवायला येणाऱ्यांपैकी कोणी एकाने उपासनेच्या वेळी यजमानांपाशी बसावे, म्हणजे या भगिनीला मंदिरात जाता येईल.