मांगा चित्रकार व्हायला तिशीनंतर उशीर होतो का?

तुमचं वय बत्तीस, मांगा म्हणजे जपानी चित्रकथा काढायचीय, आणि तिथले सगळे विशीतच नाव कमावतात म्हणून तुम्हाला धास्ती वाटतेय. मला तुमचा प्रश्न वाचताक्षणी जपानी मांगा चित्रकार शिगेरू मिझुकी आठवले. मांगाच्या धंद्यात उतरले तेव्हा ते पस्तिशीचे होते, आणि त्यांना डावा हात नव्हता.

जन्म १९२२चा. बालपण साकाइमिनातो या बंदराच्या गावात गेलं. तिथे नोन्नोन्बा नावाची एक म्हातारी त्यांना योकाईंच्या, म्हणजे तिकडच्या भुताखेतांच्या गोष्टी सांगायची. पुढे दुसऱ्या महायुद्धात सैन्यात भरती करून त्यांना पॅसिफिक महासागरातल्या न्यू ब्रिटन बेटावर राबौलला धाडलं. मलेरियाने अंथरुणाला खिळलेले असताना विमानांनी बॉम्ब टाकले, त्यात हात गेला. त्या दिवसांत स्थानिक तोलाई लोकांनी त्यांना जीव लावला, इथेच राहा म्हणाले.

जपानला परतल्यावर कोबेत एक भाड्याच्या खोल्यांची इमारत चालवायला घेतली. तिचं नाव मिझुकी-सो, त्यावरून पुढे टोपणनाव पडलं. खरं आडनाव मुरा. मग कामिशिबाईची चित्रं काढली. रस्त्यावर लाकडी चौकटीत एकेक चित्र सरकवत मुलांना गोष्ट सांगायची, ती कामिशिबाई. टीव्ही आला आणि तो धंदा बसला. मग टोकियोला येऊन भाड्याने पुस्तकं देणाऱ्या दुकानांसाठी मांगा काढायला लागले. आपल्याकडे लायब्ररीतून गोष्टीची पुस्तकं भाड्याने आणायचो ना, तसलीच दुकानं. प्रकाशक बुडायचे, पैसे थकायचे. १९६१ मध्ये लग्न झालं, तेव्हाही घरात ओढाताणच होती. पत्नी नुनोए शेजारी बसून चित्रांना हातभार लावायच्या.

नाव झालं १९६५ मध्ये, 'तेरेबी-कुन' या मांगाला कोदान्शा या प्रकाशनसंस्थेचा पुरस्कार मिळाला तेव्हा. वय त्रेचाळीस. त्याच वर्षी त्यांचा 'स्मशानातला कितारो' साप्ताहिकात आला. हा एकडोळ्या मुलगा स्मशानात जन्मलेला आणि त्याचा बाप म्हणजे नुसतं एक बुबुळ! १९६८ मध्ये तो टीव्हीवर आला, त्याआधी मालिकेच्या नावातलं 'स्मशान' काढून 'गेगेगे' केलं. मिझुकींना लहानपणी स्वतःचं नाव नीट म्हणता यायचं नाही, 'गेगे' व्हायचं, ते हे.

तुम्ही त्यांचं एकच पान नीट बघा. जंगलाचं पान न् पान, झाडाची साल, चिखल, सगळं ठिपक्या-ठिपक्यांनी भरलेलं, फोटोच वाटावा. आणि त्यात उभा सैनिक मात्र चार रेषांचा, बटाट्याच्या नाकाचा. १९७३ मध्ये त्यांनी राबौलवर मांगा काढली. त्यातलं नव्वद टक्के खरं आहे, असं तेच सांगायचे. तो बटाट्याच्या नाकाचा पोरगा मरतो, तेव्हा मला पुढचं पान उलटवत नाही. हे विशीत कोणाला जमलं असतं असं मला खरंच वाटत नाही. म्हातारीच्या गोष्टी आणि युद्ध, दोन्ही वर्षानुवर्षं आत मुरलं होतं.

नोन्नोन्बावरच्या पुस्तकाला २००७ मध्ये फ्रान्सच्या आंगुलेम चित्रकथा महोत्सवात सर्वोत्कृष्ट अल्बमचा मान मिळाला. तेव्हा मिझुकी चौऱ्याऐंशी वर्षांचे होते.

एक मात्र ऐका, झोप मोडू नका. तेझुका आणि इशिनोमोरी हे दोघे दिग्गज रात्र-रात्र काम करायचे, दोघेही साठाव्या वर्षी गेले. मिझुकी भरपूर झोपायचे आणि इतरांनाही तेच सांगायचे. २०१३ च्या डिसेंबरात एक्क्याण्णवाव्या वर्षी त्यांनी नवी मालिका सुरू केली, स्वतःच्या रोजच्या दिवसांवर.